सहावा चौकोन

१

दुकानात येणाऱ्या दहांतली आठ माणसं एकच वाक्य बोलतात. "छोट्या बेडरूमसाठी हवंय, परवडणारं दाखवा, पण आवाज थिएटरसारखा पाहिजे."

बारा वर्षं मी त्यांना एकच उत्तर देतेय. बेडरूममध्ये गादी असते, उशा असतात, पडदे असतात, कपाटभर कपडे असतात. ते सगळं आवाज पिऊन टाकतं. मोठा सेट घेऊन काय भिंती पाडायच्यात? एक साउंडबार घ्या, टीव्हीखाली ठेवा आणि सुखात राहा. माणसं मान डोलावतात आणि मग हळूच विचारतात, "तो पाच स्पीकरवाला केवढ्याला?"

त्या दिवशी तेच वाक्य फोनवर दादा बोलला.

"चिमे, आईची खोली रिकामी झालीये ना, तिथं आमची बेडरूम करतोय. एखादं होम थिएटर बघ. फार महाग नको. तुझ्याच दुकानात आहे म्हटल्यावर काहीतरी जमवशील."

आईची खोली रिकामी झालीये ना. जशी काही आईची बदली झाली होती.

"बघते," मी म्हणाले.

मालकांना विचारलं तर ते म्हणाले, "तो काचेतला घेऊन जा, दाखवायला ठेवलेला. वर्षभर सगळ्यांनी कान लावलेत त्याला, आता नवा म्हणून विकला तर पाप लागेल. भावाला अर्ध्यात दे."

भावाला साउंडबार सांगायला हवा होता. बारा बाय अकराच्या खोलीला तोच पुरला असता. पण पाच स्पीकरच्या सेटमध्ये दोन मागे लागतात, उशीच्या मागे, दोन्ही कानांशी. दादाच्या कानांशी काहीतरी असावं असं मला वाटलं. का वाटलं ते तेव्हा मी कुणाला सांगितलं नसतं.

२

आईची डावी बाजू गेली तेव्हापासून तिच्या तोंडून एकच अक्षर निघायचं. "दा."

सकाळी येणारी बाई म्हणायची, दात दुखत असतील. वहिनी म्हणायची, दार उघडायला सांगताहेत. दादा म्हणायचा, दार लावायला सांगतेय. मला ठाऊक होतं ती काय म्हणतेय. मी त्याला दादा म्हणायचे म्हणून तीही त्याला लहानपणापासून दादाच म्हणायची.

दादा घरूनच काम करायचा, आईच्या शेजारच्या खोलीत. कानांवर मोठे हेडफोन, बाहेरचा आवाज बंद करणारे. तेही मीच दिले होते, त्याच्या वाढदिवसाला. वहिनी शाळेत शिकवायची, साडेपाचला यायची. माझी दुकानाला सुट्टी बुधवारी. बुधवारी मी जायचे, आईला अंघोळ घालायचे, नखं कापायचे, केस विंचरायचे. ती माझ्याकडे बघायची आणि म्हणायची, "दा."

"नाही गं, मी चिमी."

"दा."

एका सोमवारी दुपारी ती खाटेवरून घसरली आणि खिडकीखाली पडली. वहिनी घरी आली तेव्हा तिला सापडली. भिंतीच्या खालच्या बाजूला, जिथवर उजवा हात पोचत होता तिथवर, रंग खरवडलेला होता. डॉक्टर म्हणाले, तीन-चार तास तरी पडून असतील. दोन दिवसांनी गेली.

दादा सगळ्यांना एकच सांगत होता. "ऐकूच आलं नाही रे. कानांवर हेडफोन होते." आणि ज्याला सांगेल तो त्याच्या पाठीवर हात ठेवत होता. मीही ठेवला होता.

३

बुधवारी अकरा वाजता मी सेट घेऊन गेले. दादा शेजारच्या खोलीत कामाला बसला होता. त्यानं हात हलवला आणि दार लोटून घेतलं.

खोली ओळखू येत नव्हती. भिंतींना फिकट निळा रंग दिला होता, खिडकीखालची भिंतही गुळगुळीत. नवा पलंग उलट्या भिंतीला लावला होता. खिडकीखाली आता काहीच नव्हतं, नुसती मोकळी फरशी. फिनेल आणि ताज्या रंगाचा वास येत होता.

पुढचे तीन स्पीकर टीव्हीपाशी लावले, मागचे दोन पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर ठोकले, खर्जातल्या आवाजाचा डबा, म्हणजे सबवूफर, कोपऱ्यात सरकवला. वायरी पट्टीखाली लपवल्या. मग मोजणी.

या सेटबरोबर बोराएवढा एक माइक येतो. ऐकणाऱ्याचं डोकं जिथं असणार, तिथं तो ठेवायचा. सेट एकेका स्पीकरमधून क्रमानं एक शिट्टीसारखा आवाज सोडतो, माइक तो ऐकतो आणि कुठला स्पीकर किती लांब आहे ते टीव्हीच्या पडद्यावर दाखवतो. खोलीचं एक चित्र येतं, त्यात प्रत्येक स्पीकरचा एक चौकोन, सबवूफरचा एक गोल. त्या अंतरांवरून सेट सगळं असं जुळवून घेतो की प्रत्येक आवाज त्या डोक्यापाशी एकाच क्षणी पोचावा. दुकानात याच सेटवर मी शंभरदा तरी हे करून दाखवलं होतं.

माइक उशीवर ठेवला. बटण दाबलं. पुढचा डावा, मधला, पुढचा उजवा, मागचा उजवा, मागचा डावा. मग सबवूफरची घरघर. पडदा आता थांबायला हवा होता.

थांबला नाही. "मोजणी चालू आहे" ही ओळ तशीच लुकलुकत राहिली. खोलीत एकदम शांतता, एका शिट्टीएवढी. मग टिंग वाजलं आणि चित्र आलं.

पाच चौकोन, एक गोल. आणि सहावा चौकोन, खिडकीखाली. त्याखाली अंतर लिहिलं होतं, आठ फूट.

४

मी घाबरले नाही. माझा धंदाच आहे हा. कपाटाच्या आरशावरून आवाज परततो आणि यंत्र फसतं. मी कपाटाला चादर टांगली, पडदे ओढले, पंखा बंद केला, दादाच्या दारावर टकटक करून म्हटलं, "पाच मिनिटं आवाज करू नकोस."

"मी कुठं करतोय?" तो आतून म्हणाला.

परत मोजलं. पाच शिट्ट्या, घरघर आणि मग ती रिकामी जागा. या वेळी मी कान देऊन ऐकत होते. मोकळ्या फरशीकडून काहीतरी आलं. शब्द नव्हता. पातळ, ओलसर घसा खाकरावा तसं, बोलण्याआधी माणूस करतं तसं.

टिंग. सहावा चौकोन. सहा फूट.

चौकोन खिडकीखालून सरकला होता. पलंगाच्या बाजूला.

डोकं म्हणालं, चादर टांगल्यामुळे आवाजाची वाट बदलली. डोकं म्हणालं, वर्षभर काचेत तापलेलं यंत्र आहे, गंडलं असेल. सेट बंद करायचा, मागचं बारीक बटण दाबून सगळं पुसून टाकायचं, की झालं. मी हात सेटच्या मागे नेलासुद्धा.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून दादा हसला. फोनवर कुणाशी तरी, पोट धरून हसला.

मी हात मागे घेतला. जितक्यांदा मोजलं तितकं ते जवळ येत होतं. माइक उशीवर होता. ती उशी दादाची होती. टीव्हीचा रिमोट, चष्म्याचं घर, त्याचं सगळं त्याच बाजूला मांडलेलं होतं.

मी तिसऱ्यांदा बटण दाबलं. मग बाहेर येऊन दादाला म्हटलं, "झालं रे. मस्त बसलाय."

पडद्यावर पाच फूट होतं.

५

पुढच्या बुधवारी वहिनीचा शाळेतून फोन आला, मधल्या सुट्टीत. मागे पोरांचा गलका.

"अगं, तुझ्या त्या सेटचा मागचा डावा स्पीकर बिघडलाय का? बंद असला तरी खरखरतो म्हणे. मला नाही बाई ऐकू येत. पण हा आठवडाभर हॉलमध्ये सोफ्यावर झोपतोय. नवी गादी घेतलीये, तिच्यावर मी एकटी लोळतेय राणीसारखी."

"बघून येते," मी म्हणाले. मला आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू?

दादानं दार उघडलं. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. हेडफोन गळ्यात होते, कानांवर नव्हते.

"चिमे, तो सेट घेऊन जा. साउंडबारच दे एखादा."

"काय होतंय?"

"खरखरतं काहीतरी."

"खरखरतं की हाक मारतं?"

तो स्वयंपाकघराच्या दारात थांबला. पाणी घ्यायला निघाला होता, पेला हातातच राहिला.

"तुलाही आली?"

तो खुर्चीवर बसला. टेबलावर पेला इकडून तिकडे सरकवत राहिला. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागला.

"त्या दिवशी हेडफोन नव्हते कानांवर. चार्जिंगला लावले होते. मला ऐकू येत होतं."

कडेशी आलेला पेला मी आत सरकवला.

"दिवसातून चाळीस वेळा 'दा, दा'. गेलं की नुसती बघत बसायची. काही नको असायचं तिला. पाणी नको, कूस बदलून नको. नुसतं 'दा'. मला वाटलं, हातातलं संपवतो आणि जातो. मग भिंतीवर खरवडल्यासारखं यायला लागलं. मी म्हटलं, हट्ट चाललाय. मग थांबलं." त्यानं पेला उपडा ठेवला. "थांबलं तेव्हा मला बरं वाटलं, चिमे. मी चहा केला स्वतःसाठी."

चार महिने हा माणूस लोकांचे हात पाठीवर घेत होता. त्यातला एक माझा होता.

"कुणाला बोलू नकोस," तो म्हणाला.

"नाही बोलत," मी म्हणाले. "चल, मोजणी नीट करून देते. मागच्या वेळी तू जागेवर नव्हतास, म्हणून खरखरतं ते. माणूस जागेवर बसला की यंत्राला खोली बरोबर कळते."

हे साफ खोटं होतं. मोजणीच्या वेळी माणसानं खोलीतसुद्धा थांबू नये असं सेटच्या पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलंय.

६

तो आला. लहानपणीही मी ठामपणे बोलले की यायचा. पलंगावर उशीला टेकून बसला. मी माइक त्याच्या खांद्यावर, कानाच्या खाली चिकटपट्टीनं लावला. त्याची मान गार पडली होती.

"डोळे मीट," मी म्हटलं. "हलू नकोस. बोलू नकोस."

"किती वेळ लागेल?"

"हाक आली तरी उठायचं नाही. तुला जमतं ते."

त्यानं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. तेव्हा त्याला कळलं असावं. पण तो उठला नाही. का नाही उठला, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला.

बटण दाबलं. पाच शिट्ट्या. घरघर. मग ती जागा.

या वेळी शांतता नव्हती. फरशीवरून कापड ओढत नेल्यासारखं, थांबत थांबत, एका बाजूला जोर लावून. बाहेर लख्ख ऊन होतं, खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. मी फरशीकडे बघत होते. फरशीवर काहीच नव्हतं. आवाज मात्र पलंगाच्या कडेशी आला आणि गादी दादाच्या बाजूनं बोटभर दबली.

टिंग.

मी पडद्याकडे वळले. सहावा चौकोन मधोमध होता, जिथं ऐकणाऱ्याच्या डोक्याचं चिन्ह असतं तिथं, त्याच्यावरच. अंतराच्या जागी शून्य.

मागून दादाचा आवाज आला. लहान मुलाला खेळातून उठवल्यावर निघतो तसा.

"आलो गं. आलो."

७

मी दोन बुधवार गेले नाही. तिसऱ्या बुधवारी वहिनी शाळा बुडवून थेट माझ्या दारात उभी. मी तिचे फोन घेत नव्हते.

"तू चल," ती म्हणाली. "तुझं ऐकतो तो. सुट्टी टाकून बसलाय, त्या खोलीतून निघत नाही. मी काही विचारलं की म्हणतो, हळू बोल. सेटची वायर मी स्वतः उपटून टाकली, तरी तेच. दिवसभर 'आलो, आलो' आणि 'हो हो, देतो'. कुणाला देतोस म्हटलं तर माझ्याकडे असा बघतो, जसं मीच वेडी."

वाटेत ती रडली. मी रडले नाही. मला बघायचं होतं. चाळीस वेळा उठतोय का, पाठ मोडतेय का, हे मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

वहिनी बाहेर थांबली. दार अर्धवट उघडं होतं.

दादा पाठमोरा उभा होता, खिडकीच्या बाजूला वाकून. अंथरुणावरच्या माणसाला उठवताना जसं वाकावं लागतं तसं. पाय फाकलेले, गुडघे मोडलेले, दोन्ही हात पुढे, कुणाच्या तरी काखेखाली घातल्यासारखे. हातांत काहीच नव्हतं. पण दंडाच्या शिरा फुगल्या होत्या. वजन उचलल्याशिवाय शिरा अशा फुगत नाहीत.

"हं, धर मला. घट्ट धर," तो म्हणत होता. "पडू नाही देत."

आणि त्याच्या पाठीवर शर्ट चुरगळला. आतून नाही. बाहेरून कुणीतरी मुठीत धरावा तसा, चार बोटांच्या चार सुरकुत्या आणि मधे ताणलेलं कापड. फक्त एका बाजूला. दुसऱ्या बाजूचा शर्ट सरळ होता, गुळगुळीत.

डाव्या हातात तिच्या जीव नव्हताच.

त्याला मी दिसले असेन, मानेवरून. "चिमे, जरा एका बाजूनं धर ना. एकट्याला नाही पेलवत."

मी हसून निघून जाणार होते. पेल म्हणावं, इतकंच म्हणायला आले होते मी. पण ती मूठ बघितली आणि माझे पाय पुढे गेले. किती बुधवार मी ती मूठ उघडून नखं कापली होती. मी वाकले, त्याच्या हाताखालून माझा हात पुढे केला, डाव्या बाजूला, जिकडे तिला आधार लागायचा.

"आई," मी म्हटलं, "मी आहे."

दादाच्या पाठीवरची मूठ सुटली आणि माझ्या मनगटावर चापट बसली.

जोराची नाही. गार, कोरडी, फक्त बोटांची. लहानपणी दादासाठी झाकून ठेवलेल्या ताटलीला हात लावला की बसायची तशी.

मी हात मागे घेतला. दादाच्या पाठीवरची मूठ परत आवळली, आणखी घट्ट. तो तिला सावकाश टेकवत होता, जिथं काहीच नव्हतं तिथं, आणि गुणगुणल्यासारखं बोलत होता. मी तिथं आहे हे आता दोघांपैकी कुणाच्याही ध्यानात नव्हतं.

८

वहिनी तिच्या बहिणीकडे राहायला गेली. शाळा तिकडून जवळ पडते असं सगळ्यांना सांगते. मालकांना मी कधीतरी सांगितलं की सेट परत येईल, म्हणून एका बुधवारी आणायला गेले. खरं तर मालकांना त्याचं काही पडलं नव्हतं.

दादानं सेट खोक्यात भरून दारातच ठेवला होता. वायरी गुंडाळून, रबर लावून, माइक कापडात बांधून. तो वाळला होता. एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली आला होता. पण दाढी केलेली होती, बाह्या दुमडलेल्या होत्या, हात साबणानं धुतलेले. घाईत होता.

"हे ने," तो म्हणाला. "ह्याचं काही काम नाही आता."

"नोकरी?"

"सोडली. वेळ कुठे असतो?" तो हळू बोलत होता, मागे लक्ष ठेवून. "आत्ताच डोळा लागलाय."

मी खोकं उचललं. जड होतं. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरले आणि परत वर आले. जे विचारायचं नाही असं घरातून ठरवून निघाले होते, तेच विचारलं.

"दादा, ती माझ्याबद्दल काही बोलते का रे?"

तो खरंच आठवायला लागला. भुवया जवळ आणून, मनापासून. त्याच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल राग नव्हता, काहीच नव्हतं. आतून आवाज आला असावा, कारण त्याची मान एकदम तिकडे वळली. मला काही ऐकू आलं नाही.

"नाही गं," दार लोटता लोटता तो म्हणाला. "तुझा विषयच निघत नाही."